नकली पेन ड्राइव्ह नेमकं काय चोरतो

लग्नाचं शूटिंग हल्ली कुणी सीडीवर मागत नाही. जळगाव असो की धुळे, फोटोग्राफर अल्बमसोबत एक पेन ड्राइव्ह हातावर ठेवतो आणि हळदीपासून पाठवणीपर्यंतचं सगळं त्यात असतं. ट्रॅक्टरवरच्या टेपला अहिराणी गाण्यांचा पेन ड्राइव्ह लावलेला असतो. आखाजीला झोक्यावर म्हटली जाणारी, कानबाईच्या जागरणात म्हटली जाणारी गाणी आजी म्हणू लागली की नात ती मोबाइलवर टिपते आणि फोन भरला की मेमरी कार्डात हलवते. दुकानावर, गोदामावर, शेतातल्या मोटारीवर नजर ठेवणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याच्या पोटातही एक कार्डच बसवलेलं असतं. नखाएवढ्या या वस्तूंवर आपण केवढा भरवसा टाकून बसलो आहोत! आणि बाजारात त्यांचाच नकली माल भरपूर आहे.

बाकीचा नकली माल वापरता वापरता उघडा पडतो. नकली पेन ड्राइव्ह पहिल्या दिवशी चोख चालतो. संगणकाला लावला की १२८ जीबी दाखवतो. फाइली टाकल्या की पट्टी शेवटपर्यंत सरकते, फाइलींची नावं दिसतात, आकारही बरोबर दिसतो. फक्त फाइल आत नसते. हे कसं घडतं ते नीट कळलं की घ्यायची खबरदारी वेगळी पाठ करावी लागत नाही, म्हणून आधी आतली रचना पाहू.

पेन ड्राइव्ह काय किंवा मेमरी कार्ड काय, दोन्हीत मुख्य भाग दोनच. एक फ्लॅश मेमरीची चिप, म्हणजे प्रत्यक्ष साठवण. तोशिबा कंपनीतले जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात हा शोध लावला आणि आज आपल्या कार्डांत, मोबाइलमध्ये असते ती ‘नँड’ प्रकारची मेमरी १९८७मध्ये जगापुढे मांडली. दुसरा भाग कंट्रोलर. संगणक मेमरीशी कधीच थेट बोलत नाही. जे विचारायचं ते कंट्रोलरला विचारतो आणि कंट्रोलर सांगेल ते खरं मानतो.

कापसाची वखार आणि तिच्या दारात बसलेला मुनीम डोळ्यांपुढे आणा. माल आणणारा आत जात नाही. मुनीम गासडी घेतो, वहीत नोंद करतो, पावती फाडतो. समजा आत जागा आठच गासड्यांची आहे, पण कुणीतरी मुनिमाला पढवून ठेवलंय की विचारलं तर चौसष्टची जागा आहे म्हणून सांग. पहिल्या आठ गासड्या व्यवस्थित लागतात. नववी आली की मुनीम दोनपैकी एक गोष्ट करतो. एका प्रकारचा मुनीम ती मागच्या दाराने फेकून देतो आणि पावती मात्र देतो. दुसऱ्या प्रकारचा मुनीम पहिली गासडी बाहेर काढून तिच्या जागी नववी लावतो, दहावीसाठी दुसरी काढतो, आणि असं चक्र चालू ठेवतो. वहीत चौसष्टच्या चौसष्ट नोंदी सुवाच्य अक्षरात असतात.

नकली ड्राइव्हचा कंट्रोलर हेच करतो. खरी क्षमता ८ जीबी, छापलेली ६४. पहिले ८ जीबी भरेपर्यंत गाणी वाजतात, फोटो उघडतात, म्हणून घेणारा निर्धास्त असतो. त्यानंतर टाकलेलं एक तर हवेत विरतं, नाहीतर आधीच्या फाइलींच्या अंगावर लिहिलं जातं. फाइलींची यादी ड्राइव्हच्या सुरुवातीच्या भागात असते. काही नकली ड्राइव्ह तेवढा भाग शाबूत ठेवतात, त्यामुळे नावं शेवटपर्यंत दिसत राहतात आणि फाइल तेवढी उघडत नाही. काहींत यादीच चिरडली जाते, मग एके दिवशी संगणक ‘फॉरमॅट करा’ असं म्हणतो. घरात आपण म्हणतो, ‘कार्ड करप्ट झालं.’ दोष मोबाइलवर जातो, व्हायरसवर जातो, गाणी भरून देणाऱ्या पोरावर जातो. मला यातली सर्वांत वाईट गोष्ट हीच वाटते. चोरी होते, पण तिला चोरी हे नाव कधी मिळतच नाही, आणि तोच माल पुढच्या गिऱ्हाइकाला विकला जातो.

कंट्रोलरला असं पढवणं मुळात शक्य का होतं? कारण कारखान्यात हे काम रोजच करावं लागतं. फ्लॅश मेमरीची कुठलीही चिप शंभर टक्के निर्दोष नसते. काही कप्पे जन्मतःच खराब असतात. चिप तपासायची, खराब कप्पे वगळायचे आणि ‘तुझ्याकडे अमुक एवढी जागा आहे’ हे कंट्रोलरला सांगायचं, यासाठी कंट्रोलर बनवणाऱ्या कंपन्यांनी सॉफ्टवेअर तयार केली. ती कारखान्यापुरती राहिली नाहीत. ज्याच्या हाती ती पडली त्याला ८च्या जागी ६४ किंवा २००० लिहायला काही मिनिटं पुरतात. कंट्रोलर स्वतः एक छोटा संगणकच असतो, त्याला जे लिहून दिलं ते तो इमानाने बोलतो.

चिपचा मालही दोन नंबरचा येतो. कारखान्यात नापास झालेल्या, किंवा जुन्या उपकरणांतून उखडून काढलेल्या चिप स्वस्तात मिळतात. २०१०मध्ये अमेरिकी हार्डवेअर अभियंते अँड्र्यू ‘बनी’ हुआंग यांनी या धंद्याचा माग काढला. त्यांच्या ‘चम्बी’ नावाच्या उपकरणाचं उत्पादन चीनमध्ये चालू असताना एका नामांकित ब्रँडची मायक्रोएसडी कार्डं नापास होऊ लागली. हुआंग यांनी कार्डांच्या आत नोंदलेले ओळख क्रमांक वाचले, शेन्झेनच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणखी नमुने विकत घेतले, कार्डं उघडून आतल्या चिप पाहिल्या. वरचा छाप सारखा आणि आतला माल वेगळा, असं चित्र समोर आलं. कारखान्यात बसलेल्या जाणकारांपर्यंत असा माल पोहोचू शकतो, तर दुकानाच्या काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाने तो नजरेने ओळखावा अशी अपेक्षाच चुकीची आहे.

२०२२मध्ये याहून ठळक नमुना सापडला. ३० टीबी छापलेली एक बाह्य डिस्क एका सुरक्षा संशोधकाने उघडली, तेव्हा आत ५१२ एमबीची दोन मायक्रोएसडी कार्डं गोंदाने चिकटवलेली निघाली. २०२४च्या सुरुवातीला जर्मनीतल्या सीबीएल या डेटा रिकव्हरी कंपनीनेही सांगितलं की दुरुस्तीला येणाऱ्या पेन ड्राइव्हमधल्या चिपचा दर्जा घसरत चालला आहे, काही चिपवरून कंपनीचं चिन्ह खरवडून काढलेलं असतं, आणि काही ड्राइव्हमध्ये तर चिपऐवजी मायक्रोएसडी कार्डच बसवलेलं असतं. जाहिरातीसाठी, भेट म्हणून वाटले जाणारे ड्राइव्ह यात विशेष होते. समारंभात मिळालेल्या ड्राइव्हवर महत्त्वाचं काही ठेवू नये, असं मला त्यामुळेच वाटतं.

खान्देशाला यात एक जादा धोका आहे, तो उन्हाचा. फ्लॅश मेमरी म्हणजे अतिसूक्ष्म कप्प्यांत कोंडलेला विद्युतभार. जुन्या पद्धतीत एका कप्प्यात एकच बिट असे, म्हणजे भार आहे किंवा नाही एवढाच फरक ओळखावा लागे. आजच्या स्वस्त मेमरीत एका कप्प्यात तीन बिट कोंबलेले असतात, म्हणजे भाराच्या आठ पातळ्या. चार बिट असतील तर सोळा. पातळ्या इतक्या जवळजवळ आल्या की थोडा भार झिरपला तरी वाचन चुकतं. तापमान वाढेल तसा हा झिरपा वाढतो. मेमरीची मानकं ठरवणाऱ्या ‘जेडेक’ या संस्थेच्या निकषानुसार सामान्य ग्राहकासाठीची एसएसडी, म्हणजे फ्लॅश मेमरीचीच डिस्क, तिची लिहिण्याची ठरलेली मर्यादा पूर्ण संपल्यावर, वीज न देता, ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष माहिती धरून राहिली पाहिजे. हा निकष चांगल्या मालाचा, आणि तापमान ३० अंशांचं. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, आणि बंद गाडीत त्याहून बराच चढतो. नापास चिपचा ड्राइव्ह तिथे महिनोन्‌महिने पडून राहिला तर आतलं काय टिकेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. अस्सल ड्राइव्हलाही ही जागा मानवत नाही.

अशा वेळी धुळ्याची आठवण येते, कारण जपणं म्हणजे काय हे या गावाने दाखवून दिलं आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले आणि त्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेली कागदपत्रं सांभाळण्यासाठी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमवलेली समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं धुळ्याच्याच श्री समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. कागदाला वाळवी लागते, शाई फिकी पडते, पण नुकसान डोळ्यांना दिसतं. कुठलं पान गेलं, किती ओळी उरल्या हे सांगता येतं, आणि उरलेलं वाचवायला वेळ मिळतो. फ्लॅश मेमरी ही संधी देत नाही, आणि नकली फ्लॅश मेमरी तर सगळं सुरक्षित असल्याची ग्वाही देत राहते. २०११च्या जनगणनेत खान्देशी या भाषेखाली, अहिराणी धरून, १८ लाखांहून अधिक लोकांची नोंद आहे. त्यांच्या घरातल्या ओव्या, लग्नगीतं, आखाजीची गाणी यांतलं कितीतरी कुठल्याही पुस्तकात नाही, फक्त कुणाच्या तरी कार्डात आहे. आजी गेल्यावर ते कार्ड रिकामं निघालं तर ती गाणी पुन्हा टिपायला माणूस उरत नाही.

आता खरेदीकडे वळू. पहिली कसोटी किमतीची, आणि बहुतेक फसवणूक इथेच पकडता येते. २०००मध्ये आयबीएमने विकलेला पेन ड्राइव्ह ८ एमबीचा होता. २०१७मध्ये किंग्स्टनने २ टीबीचा आणला तेव्हा तो जगातला सर्वांत मोठा होता. २ टीबीची नामांकित बाह्य एसएसडी घ्यायची तर दहा हजारांच्या पुढे मोजावे लागतात. मग रस्त्यावर किंवा ऑनलाइन पाचशे रुपयांना दिसणारा ‘२ टीबी’ पेन ड्राइव्ह खरा असूच शकत नाही. चिपचीच किंमत त्यातून निघत नाही, सवलतीचा सेल कितीही मोठा असो.

खरा फसवा माल मधल्या पट्ट्यात असतो. नामांकित कंपनीचा ६४ किंवा १२८ जीबीचा ड्राइव्ह, बाजारभावापेक्षा थोडाच स्वस्त, पॅकिंग अगदी हुबेहूब. जळगावात गोलाणी मार्केटला जाणारा किंवा धुळ्यात आग्रा रोडवर खरेदी करणारा माणूस ओळखीच्या दुकानात विश्वासाने जातो, आणि तो विश्वास बहुतेक वेळा रास्तही असतो. पण दुकानदाराकडेही माल सीलबंदच येतो, आतलं त्यालाही दिसत नाही. ऑनलाइन बाजारात तर एकाच वस्तूखाली अनेक विक्रेते असतात. त्यामुळे दोन गोष्टी मागायला संकोच करू नये. एक, जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर कंपनी आणि मॉडेल लिहिलेलं. दुसरी, पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क. २०११च्या वैधमापन नियमांनुसार हे छापणं बंधनकारक आहे. बिल मागितल्यावर ‘भाऊ, माल ओरिजनलच आहे, बिलाचं काय करायचं’ असं उत्तर आलं तर तिथून निघावं.

एक शंका मात्र अनाठायी असते. ६४ जीबीचा अस्सल ड्राइव्ह विंडोजच्या संगणकावर साधारण ५९.६ जीबी दाखवतो, ३२चा २९.८. ही फसवणूक नव्हे. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते आणि विंडोज १०२४च्या पटीत मोजतं, एवढाच तो फरक.

पाकीट पाहून खात्री होत नाही. खात्री होते ती एकाच मार्गाने: ड्राइव्ह काठोकाठ भरायचा आणि भरलेलं परत वाचून पाहायचं. यासाठीचं जुनं, विश्वासाचं सॉफ्टवेअर म्हणजे ‘एचटूटेस्टडब्ल्यू’. जर्मनीच्या ‘सीटी’ या संगणक मासिकाचे हाराल्ड ब्यॉगेहोल्त्स यांनी ते लिहिलं आणि ते मोफत आहे. ते ड्राइव्हवर ठरावीक नमुन्याच्या फाइली जागा संपेपर्यंत लिहितं, मग प्रत्येक फाइल वाचून ताडून पाहतं आणि किती जागा खरी, किती खोटी हे सांगतं. लिनक्स किंवा मॅक वापरणाऱ्यांसाठी मिशेल मचाडो यांचं ‘एफथ्री’ आहे. स्टीव्ह गिब्सन यांनी २०२३मध्ये काढलेलं ‘व्हॅलिड्राइव्ह’ ड्राइव्हभर पसरलेल्या ५७६ ठिकाणी लिहून-वाचून पाहतं, त्यामुळे ते झटपट होतं. पूर्ण तपासणीला वेळ लागतो. सेकंदाला १० एमबी या वेगाने ६४ जीबी भरायलाच पावणेदोन तास जातात. पण रात्री लावून ठेवलं की सकाळी निकाल हाती असतो, आणि लग्नाच्या शूटिंगच्या किमतीपुढे ही एक रात्र काहीच नाही. तपासणी रिकाम्या, नव्या ड्राइव्हवरच करायची, आत काही ठेवण्याआधी.

सॉफ्टवेअर जमत नसेल तरी मार्ग आहे. मोठमोठे व्हिडिओ ड्राइव्ह भरेपर्यंत टाका. मग ड्राइव्ह काढून पुन्हा लावा, शक्यतो दुसऱ्या संगणकाला. ही पायरी टाळू नका, कारण नुकतीच टाकलेली फाइल संगणक स्वतःच्या मेमरीतून दाखवू शकतो आणि ती ड्राइव्हमध्ये असल्याचा भास होतो. आता शेवटी टाकलेले व्हिडिओ चालवून पाहा आणि मग सुरुवातीचेही. लोक शेवटचेच तपासतात. पण गासडी काढून गासडी लावणारा मुनीम असेल तर गेलेलं असतं ते पहिलं. व्हिडिओ मधूनमधून पुढे सरकवून अखेरपर्यंत पाहायला हवा.

फोटोग्राफर मंडळींना माझं आग्रहाचं सांगणं आहे. घाऊक घेतलेल्या ड्राइव्हमधला एखादा तपासून भागत नाही, गिऱ्हाइकाला द्यायचा प्रत्येक ड्राइव्ह भरून तपासलेला असावा. कॅमेऱ्यात जाणारं कार्ड तर त्याआधी, कारण सप्तपदी पुन्हा घेता येत नाही. सीसीटीव्हीच्या कार्डाचीही तीच गत. तिथे चित्रण रोज लिहिलं-पुसलं जातं, कुणी पाहत नाही, आणि कार्ड निकामी आहे हे चोरी झाल्यावर, पोलिसांनी फुटेज मागितल्यावर कळतं. आठवड्यातून एकदा मागच्या चार दिवसांचं चित्रण उघडून पाहायला पाच मिनिटं लागतात.

व्हायरसबद्दल थोडक्यात. झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या ड्राइव्हमध्ये सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले अनेकांनी पाहिलेत. त्याहून खोल धोका २०१४मध्ये जर्मनीतले संशोधक कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी दाखवला. कंट्रोलरचा प्रोग्रॅम बदलून पेन ड्राइव्हला कीबोर्ड असल्याची बतावणी करायला लावता येते, आणि मग तो संगणकात स्वतःच आज्ञा टंकतो. ज्या कंट्रोलरला खोटी क्षमता पढवता येते, त्यालाच हेही पढवता येतं. अनोळखी ड्राइव्ह बँकेच्या, दवाखान्याच्या किंवा ग्रामपंचायतीच्या संगणकाला लावू नये, ते यामुळे.

ड्राइव्ह नकली निघाला तर सगळ्यात आधी त्यात काही लिहिणं थांबवा आणि फॉरमॅटला ‘हो’ म्हणू नका. खऱ्या क्षमतेच्या आतलं जे असेल ते लगेच दुसरीकडे उतरवून घ्या. बाकीचं एक तर कधी लिहिलंच गेलेलं नाही, नाहीतर त्याच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं आहे, त्यामुळे ते जगातलं कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर आणू शकत नाही. ‘सगळं परत काढून देतो’ म्हणत आगाऊ पैसे मागणाऱ्याला ते देऊ नका. उरलेल्या क्षमतेपुरता ड्राइव्ह वापरण्याची युक्ती काही जण सांगतात, मला ती पटत नाही, कारण आतली चिपच बहुधा नापास माल असते.

मग तक्रार. ऑनलाइन घेतलं असेल तर परतीची मुदत काही दिवसांचीच असते, म्हणून तपासणी पार्सल आल्याच दिवशी करावी आणि सॉफ्टवेअरच्या निकालाचा स्क्रीनशॉट जपावा. दुकानदार किंवा संकेतस्थळ दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर मराठीतही बोलता येतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. नकली ब्रँड लावून माल विकणं हा व्यापारचिन्ह कायदा, १९९९ खाली फौजदारी गुन्हा आहे आणि त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. अस्सल कंपनीची वॉरंटीही ड्राइव्ह बदलून देते, आत काय होतं त्याची जबाबदारी घेत नाही. त्यामुळे गाणी आणि लग्नाचं शूटिंग ड्राइव्हसोबत एका हार्ड डिस्कवरही ठेवा, आणि ती दुसऱ्या घरात, बहिणीकडे किंवा काकांकडे ठेवलेली असू द्या. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत नकली ड्राइव्ह बिलासकट सांभाळा. नंतर तो कुणाला फुकटही देऊ नका, तोडून ई-कचऱ्यात टाका.